सोसणे आणि विचारणे

धामणगाव बढे परिसरात एखाद्या घरावर वाईट दिवस आले, की ते सांगायला माणसांकडे चार-सहा शब्द असतात. कुणी ‘लय हाल हायेत’ म्हणते, कुणी ‘जिवाले घोर लागला’ म्हणते, कुणी नुसतेच ‘तरास हाय’ म्हणते. आणि बोलणे संपायला येते तेव्हा एखादी वडीलधारी बाई म्हणते, ‘भोग हायेत बाप्पा, भोगल्याबिगर सुटका नाई.’ त्यानंतर कुणी काही विचारत नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातले हे गाव, अजिंठ्याची डोंगररांग आणि खान्देशची सीमा जिथून फार लांब नाही अशा कोरडवाहू पट्ट्यातले. कापूस, सोयाबीन, मका, तूर ही इथली पिके. पावसावर सगळे अवलंबून असलेल्या माणसांनी सोसायला शिकावे, यात नवल नाही. माझे भांडण त्यांच्या सोसण्याशी नाही. जो शब्द उच्चारला की प्रश्न थांबतो, त्या शब्दाशी माझे भांडण आहे.

दुःखाला आपण जे नाव देतो त्यातच त्याच्या मुळाविषयीची आपली समजूत दडलेली असते. ‘भोग’ म्हटले की मूळ मागच्या जन्मात गेले. ‘नशीब’ म्हटले की मूळ कुठेच उरले नाही. ‘जाच’ म्हटले की जाचणारा कोणीतरी आहे हे मान्य झाले. शब्द निवडताना हे कुणी ठरवून करत नाही, पण परिणाम व्हायचा तो होतोच. म्हणून दुःख या शब्दाचा अर्थ काय आणि तो आला कुठून, हा प्रश्न मला कोशकारांपुरता वाटत नाही. शेतात, दवाखान्यात, तहसील कचेरीत त्याच प्रश्नाच्या उत्तरावर माणसांचे काय होणार ते ठरते.

आधी शब्दांकडेच पाहू. ‘दुःख’ या शब्दाची जुनी फोड ‘दुः’ आणि ‘ख’ अशी केली जाते. ‘ख’ म्हणजे पोकळी, छिद्र. काही अभ्यासक ते चाकाच्या तुंब्याचे, आस बसण्याचे भोक मानतात. भोक नीट कोरलेले असेल तर गाडी सुखाने चालते, वेडेवाकडे असेल तर हिसके बसतात. दुसरे मत असे की ‘दुःस्थ’, म्हणजे वाईट स्थितीत असलेला, या शब्दाचे प्राकृतात घासून झालेले हे रूप आहे. दोहोंपैकी कोणतेही मत घेतले तरी एक गोष्ट समान राहते: दुःख म्हणजे काहीतरी नीट न बसल्याची, नीट न मांडल्याची अवस्था. इतर शब्दही असेच आहेत. ‘पीडा’ ज्या धातूवरून येते त्याचा अर्थ दाबणे, पिळणे. ‘व्यथा’ म्हणजे मुळात डळमळणे, थरथरणे. ‘संकट’ म्हणजे अरुंद जागा, जिथून अंग निघत नाही अशी चिंचोळी वाट. ‘त्रास’ म्हणजे संस्कृतात भीती. ‘वेदना’ तर ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून आलेली. बौद्ध विचारात वेदना सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशी तिहेरी मानली आहे. हे सगळे शब्द काहीतरी घडत असल्याचे सांगतात. कुठेतरी दाब आहे, वाट अरुंद झाली आहे, पाय डळमळले आहेत, कशाची तरी भीती आहे. कशाने, हा प्रश्न या शब्दांच्या पोटातच होता. रोजच्या वापरात तो पुसला गेला.

मराठीने या पुसण्यात स्वतःचीही भर घातली. ‘हाल’ हा अरबी शब्द. त्याचा अर्थ फक्त स्थिती, अवस्था. ‘हालहवाल’ मध्ये तो अर्थ अजून शिल्लक आहे. पण ‘हाल होणे’ म्हणजे मात्र वाईटच अवस्था होणे. सामान्य माणसाची स्थिती सांगायची तर ती वाईटच असणार, असे जणू भाषेने गृहीत धरले. ‘कष्ट’चे त्याहून विलक्षण आहे. संस्कृतात कष्ट म्हणजे क्लेशकारक, वाईट. मराठीत कष्ट म्हणजे श्रम, आणि कष्टकरी म्हणजे श्रम करून जगणारा. अंगमेहनतीला आपण यातनेचे नाव दिले आणि ते अभिमानाने मिरवले. युरोपातही असेच झाले आहे. काम या अर्थाचा फ्रेंच शब्द ‘त्राव्हाय’ तीन खांबांच्या एका छळाच्या साधनाच्या लॅटिन नावापर्यंत नेला जातो. काबाडाला सन्मान देणे चांगलेच. पण श्रम आणि यातना यांना एकच शब्द असला, की श्रमातली यातना कमी करता येईल हे सुचायला उशीर लागतो.

आता ‘भोग’. ‘भुज्’ या धातूचा अर्थ खाणे, उपभोगणे. देवाला भोग दाखवतात, राजा राज्य भोगतो. जुन्या धर्मशास्त्रीय व्यवहारात जमिनीचा ताबा आणि वहिवाट यांनाही भोग किंवा भुक्ती म्हणत. तो अर्थ मेलेला नाही. महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यावर आजही ‘भोगवटादार’ असा रकाना आहे. भोगवटादार वर्ग १, वर्ग २ असे त्याचे प्रकार आहेत. म्हणजे एकाच धातूची दोन फळे आपल्या गावात शेजारी-शेजारी दिसतात. तलाठ्याच्या दप्तरात भोगवटा आहे, तो हक्क आहे. घरातल्या बाईच्या तोंडी भोग आहे, तो प्रारब्ध आहे. निंदणी, वेचणी, बियाणे जपणे, जनावरांचे शेण-पाणी यांत जिचा दिवस जातो, तिचे नाव पहिल्या अर्थाच्या रकान्यात सहसा नसते आणि दुसऱ्या अर्थाचे ओझे मात्र तिच्यावर असते. ही विभागणी शब्दाने घडवलेली नाही, समाजाने घडवली. तिचे समर्थन मात्र शब्दाने पुरवले.

सहनशीलतेच्या बाबतीतही असाच उलटा प्रवास झाला आहे. ‘सहन’ ज्या ‘सह्’ धातूचे, त्याचा वेदकाळातला अर्थ होता मात करणे, जिंकणे. ‘सहस्’ म्हणजे बळ. त्यातूनच ‘साहस’ आले. जर्मन भाषेतला विजयाचा शब्द ‘झीग’ याच कुळातला मानला जातो. पुढे शत्रूचा घाव झेलून टिकणे असा अर्थ झाला आणि शेवटी मुकाट्याने सोसणे एवढाच उरला. इंग्रजीतल्या ‘सफर’ या क्रियापदाचे मूळ लॅटिनमध्ये आहे: खालून भार उचलून धरणे. त्यातल्या उचलण्याच्या धातूचा आणि आपल्या ‘भार’ शब्दाच्या धातूचा वंश एकच आहे. भार पेलणारा माणूस निष्क्रिय नसतो. तो उभा असतो, त्याचे स्नायू ताणलेले असतात आणि भार कुठून येतो हे त्याच्या खांद्याला नेमके कळत असते. सोसणाऱ्याला दुबळा समजणे ही चूक आहे, आणि त्याच्या बळाचे कौतुक करून भार तसाच ठेवणे हा अन्याय आहे.

दुःखाचे मूळ शोधण्याची आपली परंपरा मोठी आहे. ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका त्रिविध दुःखाच्या उल्लेखानेच सुरू होते. आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक हे तीन ताप समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात एकेका समासात मांडले. स्वतःच्या देहमनातून उठणारे, इतर प्राण्यांकडून येणारे आणि दैवी शक्तींकडून येणारे, अशी ही वाटणी. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने ती नेटकी आहे. पण शेतकऱ्याने आपली वेगळी वाटणी केली होती: अस्मानी आणि सुलतानी. पाऊस, गारपीट, टोळधाड हे अस्मानी. सारा, लूट, लढाया, अंमलदाराचा जुलूम हे सुलतानी. जुन्या महसुली व्यवहारात या जोडशब्दाला रोकडा अर्थ होता. अस्मानी-सुलतानी कोसळली तर देण्यात सूट मिळावी, अशी अट करारांत घातली जाई. तापत्रयात राज्यकर्त्याला वेगळी जागा नाही. इतर प्राण्यांकडून होणाऱ्या पीडेत तो मिसळून जातो. शेतकऱ्याच्या भाषेने मात्र आभाळाच्या तोडीस तोड राजाला उभे केले, आणि दुःखाचा निम्मा हिशेब त्याच्या नावावर मांडला. मला हे मराठी शेतकऱ्याचे मोठे वैचारिक काम वाटते.

संतांच्या घरातही हा वाद झाला, आणि तो आपल्याच जिल्ह्यातल्या मानल्या गेलेल्या घरात झाला. परंपरेने चोखामेळ्याचे जन्मगाव म्हणून देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा सांगितले जाते. चोखोबांच्या अभंगांत विटाळाच्या कल्पनेवर थेट सवाल आहेत, आणि आपल्या हीन मानल्या गेलेल्या जन्माचे कारण पूर्वकर्मात शोधणारा सूरही आहे. त्यांचा मुलगा कर्ममेळा यांचे अभंग वाचले की दुसरा सूर ऐकू येतो. नावातच कर्म असलेल्या या मुलाने कर्माचा खुलासा स्वीकारला नाही. आम्हाला या जातीत का घातलेस, उष्टे खाण्याची पाळी आमच्यावर का आणलीस, असा जाब त्याने थेट विठ्ठलाला विचारला. बाप सोसत सोसत विचारतो, मुलगा विचारण्यापासूनच सुरुवात करतो. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर राबत असताना भिंत कोसळून चोखोबा गेले, असे सांगितले जाते. त्या मृत्यूला ‘नियती’ म्हणता येईल. तिथे कोणत्या जातीची माणसे वेठीला धरली जात होती, हेही विचारता येईल. दोन्ही वाक्ये एकाच घटनेविषयी आहेत. पुढची भिंत कुणाच्या अंगावर पडू नये असे वाटत असेल, तर उपयोगी पडते ते दुसरे वाक्य.

बुद्धाचे मोठेपण मला इथे दिसते. दुःख आहे एवढेच सांगून तो थांबला असता, तर त्यात नवे काही नव्हते. त्याने लगेच पुढची सत्ये सांगितली: दुःखाला कारण आहे, आणि कारण दूर केले तर दुःख दूर होते. तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना चार आर्यसत्यांची रूढ मांडणी पुरेशी वाटली नाही. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी विचारले, की जन्म, जरा, मरण हे सगळेच दुःख असेल तर माणसाला आशा कशाची? सिद्धार्थाने घर का सोडले, याचेही प्रचलित उत्तर त्यांनी नाकारले. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर आजारी, म्हातारा किंवा मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे त्यांना पटले नाही. त्यांच्या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात उठलेला तंटा आहे. युद्धाला विरोध केल्यामुळे सिद्धार्थाला देश सोडावा लागतो. पाण्याच्या वाटणीवरून भांडणारी दोन गावे, दोन भावकी, आपल्या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. बाबासाहेबांनी दुःखाचे मूळ बांधावर, पाटावर, माणसा-माणसांतल्या व्यवहारात आणून ठेवले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी जो धम्म स्वीकारला, त्याच्या गाभ्याशी हा विचार होता.

विदर्भाच्या बाबतीत मूळ बांधाच्याही पलीकडे शोधावे लागते. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस बंद झाला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगावची बाजारपेठ फुगली. १८७० मध्ये तिथवर रेल्वेचा फाटा आला. युद्ध संपले, भाव उतरले, पण ज्वारीची जमीन कापसाकडे वळली होती आणि सावकाराचे खाते उघडले गेले होते. त्यानंतर १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. पाऊस वऱ्हाडात पडला नाही हे खरे, पण माणसांना धान्य परवडू नये अशी घडी लिव्हरपूलच्या बाजाराशी बांधलेल्या शेतीने आधीच घालून ठेवली होती. दुष्काळात माणसे केवळ धान्य नसल्याने मरत नाहीत, धान्यावर हक्क सांगण्याची ऐपत गेल्याने मरतात, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये सिद्धान्त म्हणून मांडले. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये पूर्ण केला, तेव्हा शेतकऱ्याच्या विपन्नावस्थेमागची एकेक कडी त्यांनी मोकळी करून दाखवली होती: अविद्या, धर्माच्या नावाची लूट, नोकरशाही, सारा, कर्ज. शरद जोशी यांनी १९८० च्या आसपास शेतकरी संघटनेतून तोच धागा पुढे नेला आणि शेतमालाचा भाव पाडणारे सरकारी धोरण हे गरिबीचे मूळ असल्याचे मांडले. त्यांच्या मांडणीवर वाद आहेत. पण ‘शेतकरी आळशी, व्यसनी, अडाणी म्हणून गरीब’ हे वाक्य त्यांच्यानंतर पूर्वीच्या सहजतेने उच्चारता येईना.

मूळ सापडले की काय होते, याचेही दाखले आहेत. १८७५ मध्ये सुपे आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. ते दंगे होते, त्यांत चुकाही झाल्या. पण त्यातून चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. त्याआधी अडीचशे वर्षांपूर्वी, १६३० च्या दुष्काळात घरचे माणूस गमावलेल्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा आहे. आपले दुःख ज्या व्यवस्थेतून आले त्याच व्यवस्थेत आपण दुसऱ्याचे धनको आहोत, हे त्यांना कळले आणि त्यांनी आपल्या हातात होते तेवढे दुःख मिटवून टाकले. सोसण्यातून आलेले इतके स्वच्छ उत्तर मराठी इतिहासात दुसरे मला माहीत नाही.

आता आजच्या दुःखाकडे येऊ. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा आणि बुलढाणा या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. कारण होते शेतकऱ्यांच्या आत्महत्या. त्याआधी उच्च न्यायालयाच्या आदेशावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने अभ्यास केला होता. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचाही अहवाल आला होता. म्हणजे मूळ शोधण्याचे काम झाले होते. पण गावापर्यंत त्या शोधातले काय पोचले? गावापर्यंत पोचले दोन शब्द: पात्र आणि अपात्र.

राज्य सरकारच्या नियमांत मदतीसाठी तीन कारणे धरली गेली: नापिकी, राष्ट्रीयीकृत बँक, सहकारी संस्था किंवा मान्यताप्राप्त सावकाराचे कर्ज फेडता न येणे, आणि वसुलीचा तगादा. यांत बसले तर प्रकरण पात्र, आणि एक लाख रुपये: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. बसले नाही तर अपात्र. या नियमाने दुःखाची व्याख्या केली, पण ती दुःखाच्या बाजूने केली नाही, कागदाच्या बाजूने केली. परवाना नसलेल्या सावकाराकडून, कृषी केंद्राच्या उधारीवर किंवा नातलगाकडून घेतलेले पैसे तिथे मोजले जात नाहीत, आणि कोरडवाहू माणूस अडल्यावर नेमका तिकडेच जातो. ठोक्याने, बटईने जमीन करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. शेतकरी बाईचे नाव तर सहसा नसतेच, त्यामुळे तिने जीव दिला तर ती शेतकऱ्यांच्या यादीत न येता ‘गृहिणी’ ठरते. पी. साईनाथ यांच्यासारख्या पत्रकारांनी ही गोष्ट वर्षानुवर्षे लिहून दाखवली आहे. अपात्र या शब्दाने घरातल्यांना आणखी एक गोष्ट सांगितली जाते: तुमच्या माणसाच्या मरणाचे कारण खरे नव्हते. मग लोक कारण घरात शोधू लागतात. दारू प्यायचा, बायकोशी पटत नव्हते, पोरीच्या लग्नाचा घोर होता. जी बाई सोसून उरली आहे, तिच्याच माथ्यावर मूळ येऊन बसते.

वैद्यकात याविषयी एक महत्त्वाचा विचार झाला आहे. एरिक कॅसेल या अमेरिकी डॉक्टरने १९८२ मध्ये शारीरिक वेदना आणि दुःख यांत फरक केला. वेदना देहाला होते, दुःख माणसाला होते. आपले अखंडपण, आपण जे कोणी आहोत ते मोडते आहे असे वाटले, की दुःख सुरू होते. प्रसूतीच्या कळा भयंकर असूनही त्या दुःख ठरतीलच असे नाही, आणि अंगाला ओरखडाही नसताना माणूस दुःखाने संपू शकतो. कर्जाचा आकडा शेजारच्या घरातही तेवढाच असतो. पण बँकेच्या दारात सगळ्यांसमोर अपमान झाला, सोयऱ्यांनी फोन उचलणे बंद केले, मुलाची फी भरता आली नाही, की ‘मी घर चालवणारा आहे’ हे स्वतःविषयीचे वाक्यच तुटते. हे नियमाच्या तीन कारणांत लिहिता येत नाही. म्हणून ते खोटे ठरत नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. सगळ्याचे मूळ बाहेर, सरकारात आणि बाजारात शोधले तर मनाचे काय? नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, हे सांगणे टाळायचे का? मुळीच नाही. २०१५ मध्ये राज्यात शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू झाला, समुपदेशनाची सोय झाली, हे चांगलेच झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून वाचवले, हे तर फार मोठे पाऊल होते. टेलिमानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक घरात भिंतीवर लिहिलेला असावा. ज्याचा जीव आज घोरात आहे त्याला आज आधार हवा. कापसाच्या भावाचा इतिहास त्याला आज कामाचा नाही. पण समुपदेशक बोलून गेल्यावर तगादा लावणारा पुन्हा दारात येणार असेल, तर मनाला दिलेला धीर किती दिवस पुरेल? मनाचा उपचार आणि मुळाचा शोध यांत निवड करायला सांगणारा माणूस दोन्ही टाळू पाहतो आहे, असे मी समजतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. काही दुःखांना मूळ विचारून उपयोग नसतो. तान्हे बाळ जाते, आई म्हातारपणी विसरत जाते, जोडीदार आधी जातो. तिथे ‘का’ विचारत राहणे हा आणखी एक छळ होतो. हे मला पूर्ण मान्य आहे. अशा दुःखासाठी आपल्या समाजाने फार शहाणे मार्ग काढले आहेत. दुखवट्याला माणसे येऊन नुसती बसतात. जात्यावरच्या ओव्यांत बायकांनी माहेर, सासर, मरण, पोटातले बोलणे पिढ्यान्‌पिढ्या गाऊन ठेवले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सुरू केलेल्या कामातून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आहेत. ज्याला उत्तर नाही ते दुःख एकट्याने वाहू नये, एवढेच हे रिवाज सांगतात. अशा वेळी ‘भोग’ हा शब्दही आधार देऊ शकतो, कारण तो निदान स्वतःला दोष देण्यापासून वाचवतो. अडचण तेव्हा होते, जेव्हा टाळता येणाऱ्या दुःखाला आपण न टळणाऱ्या दुःखाची भाषा लावतो. आपल्याच जिल्ह्यात पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदकडच्या गावांत, मूत्रपिंडाच्या आजाराने माणसे खंगली. त्याचा संबंध पिण्याच्या खाऱ्या पाण्याशी जोडला जातो. आजार एका घरात असतो तोवर ते नशीब वाटते. गावामागून गावात तोच दिसला की प्रश्न पाण्याकडे वळतो, आणि पाणी बदलता येते.

म्हणून माझी सूचना अगदी व्यवहारातली आहे, आणि तिचा नमुना सरकारी आरोग्य खात्यातच तयार आहे. बाळंतपणात बाई दगावली तर तिचे ‘माता मृत्यू अन्वेषण’ होते. घरी जाऊन विचारतात: दवाखान्यात न्यायचे ठरवायला उशीर झाला का? गाडी मिळायला उशीर झाला का? दवाखान्यात पोचल्यावर उपचाराला उशीर झाला का? या चौकशीचा हेतू कुणाला शिक्षा करण्याचा नसतो, आणि पैसे द्यायचे की नाहीत हे ठरवण्याचाही नसतो. पुढची बाई वाचावी, हा तिचा एकमेव हेतू. ‘बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, वाचली तर वाचली’ असे आपले पूर्वज म्हणत. त्या जागी ‘कोणता उशीर झाला’ हा प्रश्न आला आणि बायकांचे जीव वाचू लागले.

शेतकऱ्याच्या मृत्यूनंतरही हेच व्हायला हवे. मदत विनाअट आणि लगेच द्यावी. तिचा चौकशीशी संबंध तोडावा, म्हणजे घरच्यांना सोयीचे कारण सांगण्याची गरज उरणार नाही. मग त्यांच्या संमतीने, शांतपणे विचारावे. पीक कर्ज कधी मागितले आणि कधी मिळाले? विम्याचा पैसा आला का, कधी आला? उधारी कुठे होती, व्याज किती होते? शेवटच्या सहा महिन्यांत ताणाची खूण कुणाला दिसली आणि ती कुणाला सांगता आली? जमिनीवर नाव कुणाचे आणि राबणारे हात कुणाचे? दहा घरांची उत्तरे शेजारी ठेवली, की दहा नशिबांच्या जागी तीन-चार कारणे उरतील, आणि त्यांतली निदान दोन अशी निघतील की ती तालुक्याच्या ठिकाणीच दूर करता येतील.

हे सुरू करायला वरच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. धामणगाव बढ्यासारख्या गावात शाळा आहे, शिक्षक आहेत, आशाताई आहेत, बचत गट आहेत, ग्रामसभा आहे. घरच्यांचा मान राखून, नावे न घेता, वर्षातून एकदा ग्रामसभेने एवढाच विषय ठेवावा: या वर्षी आपल्या गावात कोणते दुःख टाळता आले असते? त्या सभेत बायकांना आधी बोलू द्यावे, कारण सोसण्याचा अनुभव त्यांचा जास्त आहे आणि विचारण्याची संधी त्यांना सर्वांत कमी मिळाली आहे. जे दुःख टळण्यासारखे नव्हते त्याच्या शेजारी गावाने बसावे. जे टळण्यासारखे होते त्याचे कारण इतिवृत्तात लिहावे, त्याखाली ते दूर करण्याची जबाबदारी कुणाची हेही लिहावे, आणि पुढच्या वर्षी पहिल्यांदा तेच पान उघडावे.